काहीच न घातलेल्या पेशी

बाई, आज प्रयोगशाळेत माझी विद्यार्थिनी सरळ आत आली आणि एका दमात म्हणाली, "मॅम, गलती मेरी है. बोतलें ओव्हन में नहीं रखी थीं." मी तिला चांगली झापणार होते, पण बाटल्या तिच्या हातातून घेतल्या आणि स्वतःच ओव्हनमध्ये ठेवल्या. मग नेहमीसारखा एकटीने डबा खाल्ला. तुमच्या वांग्याच्या भाजीवर माझा डोळा असायचा, आठवतं? तुम्ही गेल्यापासून इथे जेवताना मराठी बोलणारं कुणी नाही. पोरांना समजते, पण उत्तर हिंदीतच येतं. फार एकटं वाटतं, बाई.

मी तुमच्या हाताखाली शिकत होते त्या उन्हाळ्यात आपण रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर जिवाणूंचं विष घालून त्या किती भडकतात ते मोजत होतो. बाजूच्या पेशींत काहीच घालायचं नव्हतं, त्या शांत राहायला हव्या होत्या. त्याही भडकल्या, तीन वेळा. तुम्ही पाणी बदललंत, रसायनं बदललीत आणि शेवटी मला विचारलंत, "काहून वं, बाटल्या ओव्हनमध्ये भाजल्या होत्या ना? वाफेनं जिवाणू मरते, त्याच्या अंगावरचं विष नाही जात. पेशी मेलेल्या जिवाणूलेही तितकीच घाबरते." मी म्हटलं, "हव बाई, भाजल्या होत्या."

भाजल्या नव्हत्या. भाजायला तासन्‌तास लागायचे आणि मला घरी जायची घाई असायची. वाफेतून काढलेल्या बाटल्या मी तशाच तुमच्या हातात दिल्या. तुम्ही स्वतःच्या बोटांकडे बघत राहिलात. "माह्याच हातानं काही होऊन राहिलं असन. वय झालं आता," म्हणालात आणि खिडकीजवळचं तुमचं टेबल मला देऊन काम सोडलंत. त्यानंतर मी एकही बाटली भाजल्याशिवाय वापरली नाही. पेशी शांत झाल्या, आणि दोष तुमच्याच हाताचा होता हे सगळ्यांना पटलं. तुम्हालाही. पुरानी बस्तीतल्या तुमच्या खोलीवर आले की तुम्ही विचारायचात, "पेशी बऱ्या हायेत ना?" मी बऱ्या आहेत म्हणायचे, चहा प्यायचे आणि निघायचे. तुम्ही वारेपर्यंत सांगायला दोन वर्षं होती माझ्याकडे.

हा कागद कुठे पाठवणार? खणातच राहील. म्हणून उरलेलंही लिहिते. तुमचं टेबल मला मिळालं, त्या दिवशी मी खूश होते.