बाईंचं एकच क्रियापद

४ जून
शिकवणी सुरू! या वयात वही-पेन घेऊन निघालो म्हणून ही सकाळपासून हसते आहे. हसू दे. नव्या लिफ्टांचा परदेशी तंत्रज्ञ सप्टेंबरात येणार, त्याला इंग्रजीशिवाय काही येत नाही, आणि माझ्याच मेकॅनिकांसमोर मी नुसती मान डोलवत बसणार नाही. ग्रीसचे डबे उचलण्यापासून इथवर आलो, आता एका भाषेला घाबरू?

बाई निवृत्त शिक्षिका. सहाव्या मजल्यावर एकट्या राहतात. त्यांच्या इमारतीची लिफ्ट आमच्याच देखभालीत. वर जाताना सवयीने कान लावला — ठीक आहे. बाईंनी पहिल्याच दिवशी माझं नाव ठेवलं, 'लिफ्टवाले'. बरं वाटलं. दिवसभर मालक-मालक ऐकून कान किटतात.

पहिला शब्द 'गेट'. म्हटलं, बाई, गेट माझ्या प्रत्येक लिफ्टला आहे. त्या म्हणाल्या, ते बसवलेलं नाम, हे चालणारं क्रियापद.

८ जून
अजब शब्द! पत्र मिळालं — गेट. थकलो — गेट. घरी पोचलो — गेट. लिफ्टमध्ये शिरलो, बाहेर पडलो, मधेच अडकलो — तिन्हीकडे हाच, नुसतं शेपूट बदलायचं. विनोद कळला तरी गेटच. आपल्याकडे 'लागणे' आहे ना, तसा. भूक लागते, नोकरी लागते, ठेच लागते, डोळा लागतो. बाईंना सांगितलं तर खूप हसल्या. म्हणाल्या, हे मी चोरणार.

आणखी एक गंमत. थकलेलं 'असणं' वेगळं आणि थकत 'जाणं' वेगळं. 'गेट'मध्ये नेहमी काहीतरी बदलत असतं. माझ्या हिशेबी 'असणं' म्हणजे मजल्यावर उभी लिफ्ट, 'गेट' म्हणजे दोन मजल्यांच्या मधली.

१५ जून
अजून 'गेट'च.

२२ जून
आज विचारलं, बाई, विकत घेण्याला दुसरा शब्द असेल ना? त्या खिडकीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तिथंही गेट चालतं."

चालतं, खरंय. पण 'बाय' मलाही ठाऊक आहे. दुकानाच्या पाट्यांवर वाचलाय.

मग नीट ऐकू लागलो. चष्म्याला चष्मा म्हणाल्या नाहीत — "ते डोळ्यांचं द्या जरा." पंख्याला "ते वरचं". वाक्य झकास सुरू होतं, मधे एक खड्डा येतो, आणि बाई त्याला इतक्या सफाईने वळसा घालतात की समोरच्याला पत्ता लागू नये. इंग्रजीत त्या खड्ड्यावर टाकायला एक फळी सापडली आहे. गेट.

बेअरिंग जाण्याआधी आवाज बदलतो. लिफ्ट चालत असते, माणसं वरखाली करत असतात, कुणालाच काही कळत नाही.

हिला सांगितलं. म्हणाली, तुम्हाला जेवतानासुद्धा बिघाडच ऐकू येतो. मग जरा वेळाने स्वतःच — "कुणी आहे का हो त्यांना?"

२९ जून
मला 'गेट' कधीच समजलाय. पण मुद्दाम चुकलो, म्हणजे पुढच्या शब्दावर जायला नको. बाईंनी न कंटाळता पुन्हा समजावलं. माझ्या आयुष्यात मला इतकं ठोंब कुणी मानलं नसेल!

३ जुलै
बाईंच्या मुलाचा फोन. दुसऱ्या शहरात असतो. आमचा नंबर लिफ्टमधल्या पाटीवरून मागे कधीतरी उतरवून घेतला होता म्हणे, आणि माझ्या शिकवणीचं बाईंनीच त्याला सांगितलेलं. आई फोनवर अडखळते, विचारलं तर विषय बदलते. "तुम्ही रोज बघता. ठीक आहे ना ती?" पुढच्या आठवड्यात शनिवारी येतोय. तसं काही असलं तर घर बंद करून तिला घेऊनच जाणार.

मी म्हटलं, बाई उत्तम शिकवतात. खोटं नाही. पण त्याने ते विचारलं नव्हतं.

खरं सांगावं तर बाईंचं घर जातं. न सांगावं तर बाईच कुठं तरी अडकून पडायच्या, एकट्या. आधी त्यांच्याशीच बोलायला हवं. पण त्यांच्यासमोर तोंड कुठल्या भाषेत उघडू?

६ जुलै
आजचा धडा 'करून घेणे'. आपण करायचं नाही, दुसऱ्याकडून करून घ्यायचं — त्यालाही गेट! बाई म्हणाल्या, करा एक वाक्य.

वाक्य मी लिफ्टमध्येच जुळवून आणलं होतं. म्हटलं, "द लिफ्ट इज रनिंग. स्टिल, गेट इट चेक्ड."

व्याकरण बरोबर होतं. बाईंनी चष्मा काढून ठेवला. मग मराठीत म्हणाल्या, "कुठल्या लिफ्टबद्दल बोलताय?"

मी म्हटलं, सहाव्या मजल्यावरच्या.

त्या उठल्या. आज इतकंच, म्हणाल्या. रोज लिफ्टपर्यंत सोडायला येतात. आज आतून कडी लावल्याचा आवाज आला. काय करून बसलो मी!

८ जुलै
बाईंचा निरोप नाही. ही म्हणाली, बोललात ते बरं केलंत. पण मुलाला तुम्ही सांगू नका, ते सांगणं त्यांचं आहे.

११ जुलै, शनिवार
बाईंनीच बोलावलं. मुलगा समोर बसलेला, डोळे लाल. त्याला सगळं त्यांनीच सांगून झालं होतं.

मला म्हणाल्या, "डॉक्टरांनी गेल्या वर्षीच सांगितलंय, लिफ्टवाले. शब्द जात राहणार. रोज कुणाला तरी शिकवत राहा म्हणाले. तुम्हाला वाटलं, शिकवणी तुमची चाललीय."

 पुढे म्हणाल्या, "बाहेर ऐकू येतं, हे मात्र माहीत नव्हतं. म्हणून त्या दिवशी कडी लावली."

मुलगा म्हणाला, पण इथं तुझ्यावर लक्ष कोण ठेवणार? बाईंनी माझ्याकडे बोट केलं. मी काही बोलायच्या आत माझीच मान हलली.  शेवटी मुलाने माझा नंबर पुन्हा एकदा पडताळून घेतला, घरचाही मागितला. मी हिचाही दिला. बाई सध्या इथंच.

१३ जुलै
आजचा शब्द मी न्यायचा ठरलं होतं. 'बाय' नेला. बाई म्हणाल्या, "हा कुठला नवीन काढलात?" आणि हसल्या.

थट्टा होती की खरंच, माझ्या कानांना कळलं नाही. मी पहिलं वाक्य सुरू केलं.