मासोळीच्या शेपटीची गाडी

सुरेंद्र, माह्या लहान्या भावा,

पोळ्याले तू चंद्रपूरहून गाडी घेऊन आला, तवा सारं गाव तलावाच्या पाळीवर जमा झालं. आकाशी रंग, चकाकणारं बंपर, अन मांगं ते दोन उभे पंख, मोठ्या मासोळीच्या शेपटीसारखे. पोट्टे म्हणे, सुरेंद्रकाकाची अमेरिकन गाडी.

बाबाची गाडी, असं कोणी नाई म्हणलं. आलापल्लीच्या ठेकेदारानं बंद पडलेली गाडी आपल्या डायवरले, म्हणजे बाबाले, देऊन टाकली होती. मंग ती माह्याच आंगणात सडली. मी तिच्या पंखावर जाळे वाळू घालत होतो. तू नेतो म्हणला, तवा मीच म्हणलं, ने बाबू, अडगळ जाईल.

मले वाटलं तू म्हणशीन, भाऊ, समोर बस. तू म्हणलाबी. पण वरून म्हणला, "चप्पल काढून बस भाऊ, सीट नवी आहे." मांगं तुयी बायको साधना सँडल घालून बसली होती. मले काम आहे म्हणून मी तिथून निंगालो. काम काईच नव्हतं.

रंग चांगला देला तू. बाबानं पाह्यला पायजे होता. हे तोंडावर सांगणार नाई, अन हे पत्रबी टाकणार नाई.

आपली तांबडी कोंबडी त्याच गाडीत अंडी घालायची. आता ती रोज त्या मोकळ्या जागेवर, उघड्या मातीत येऊन बसते. हाकललं तरी उठत नाई. मी हाकलणं सोडलं. आता मीबी तिच्या बाजूले बसतो, चप्पल घालून.

तुया भाऊ,
इस्तारी