यंदाचा मान

दिलसुखनगर, हैदराबाद
१२ जून २०२४

ती. अक्कास,
हिंमतचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

सोमवारी सकाळी लवकर पूजा उरकून मी केतकीला घेऊन तिच्या बारावीनंतरच्या प्रवेशासाठी नारायणगुड्याला गेलो. तिथे ख्रिस्ती सिस्टरांचं एक लहानसं कॉलेज आहे. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

फाटकाशी मेरीमातेची मूर्ती आहे. मी चपला काढून हात जोडले आणि तसाच अनवाणी आत निघालो. वॉचमन हसून म्हणाला, चप्पलां पैन लो मामू, ये दफ्तर है. केतकीनं मान खाली घातली.

मोठ्या सिस्टर गोड बोलल्या. तिथे मुली इंग्रजी वाङ्मय, मानसशास्त्र, तत्त्वज्ञान असं तिन्ही शिकतात आणि शनिवारी वृद्धाश्रमात सेवेला जातात. तत्त्वज्ञानात काय शिकवता, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, प्रश्न विचारायला. अक्का, तेव्हा केतकीचा चेहरा तू बघायला हवा होतास. मग त्यांनी फी सांगितली. झेपेल असं वाटून मी लगेच हो म्हणालो. निघताना मेरीमातेलाही सांगितलं, पोर तुझ्या पदरात घातली.

बसमध्ये बोलता बोलता कळलं, ती फी सहा महिन्यांची होती. केतकीला वाटलं, मला समजलंय. आपल्या गावच्या शाळेत फी वर्षातून एकदा, माझ्या डोक्यात तेच.

एक वर्ष निभावलं तर पुढे मार्कांवर सवलत मिळते. पण घरात शिल्लक आहे ती चंपाषष्ठीच्या गावजेवणाची. ते घालायचा पाच घरांत फिरता मान, यंदा आपला, आणि आप्पांनी देवाघरी जाताना माझ्याकडून वचन घेतलेलं. इकडे खंडोबा, तिकडे मेरीमाता. इंदुमती म्हणते, तुम्हाला नाही म्हणता येतच नाही. मला काही सुचत नाही. तू सांगशील तसं करीन.

लोभ आहे, तो कमी होऊ देऊ नकोस.
तुझा हिंमत

औराद
२० जून २०२४

चि. हिंमत यास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अनवाणी दफ्तरात गेलास हे वाचून हसले. लहानपणी तू पोस्टातही चपला बाहेर काढायचास. त्या मेरीमातेला मराठी कळतं का रे?

केशवराव दर दोन दिवसांनी ओट्यावर येतो. आपला चुलतभाऊच, पण विचारतो, हिंमत यंदा निभावतो का. एकदा सोडला की मान घेणाऱ्याच्या घरी जातो, हे तुला ठाऊक आहे. आप्पांनी तो कधी चुकवला नाही. माझी सातवी झाली त्या वर्षीही मान आपलाच होता. देगलूरच्या हायस्कुलात मला घालावं म्हणून मास्तर दोनदा घरी आले होते. आप्पांनी चंपाषष्ठीला त्यांना पहिल्या पंगतीत बसवलं. त्या वर्षीचं भरीत-रोडगा फार चांगला झाला होता, लोक अजून नाव काढतात.

मी काय सांगू? देवाचं तुझं तू बघ. इंदुमतीला जप म्हणावं. केतकी काय शिकते ते मात्र मला कळवत जा.

आशीर्वाद आहेतच.
अक्का

दिलसुखनगर, हैदराबाद
२८ जून २०२४

ती. अक्कास शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र कोठी बाजारातल्या दुकानात उभ्यानंच वाचलं. मास्तरांचं मला ठाऊक नव्हतं. मी तेव्हा सहा वर्षांचा, पंगतीत मीठ वाढत होतो एवढंच आठवतं.

चार दिवस पूजेला बसलो, पण देव्हाऱ्यातल्या खंडोबाच्या टाकाकडे बघवेना. काल जेवताना केतकी म्हणाली, कोठीच्या कॉलेजात बी.कॉम. करते पप्पा, तेही चांगलंय. इतक्या सहज म्हणाली आणि पुढे भाजीचं कौतुक करू लागली. इंदुमती ताटावरून उठून आत गेली.

आज सकाळी मी केशवरावला फोन लावला. मान तू घे, म्हणालो. कायमचा का, असं त्यानं तीनदा विचारलं. मी तीनदा हो म्हणालो. मग तो म्हणाला, "आप्पाकाकांना वर गेल्यावर काय सांगशील?" चंपाषष्ठीला मी येईन, पण कुठल्या पंगतीत बसायचं ते कळत नाही. गावात कोणी बोललं तर तू ऐकू आलं नाही असं कर.

फोन ठेवून तसाच नारायणगुड्याला गेलो आणि केतकीची वर्षाची फी भरून आलो.

रागावलीस तरी लोभ ठेव.
तुझा हिंमत