बिनकांद्याचा नाताळ

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, म्हणून खुर्चीत बसूनच घालते, भाव तेवढा आडवा समजून घे.) तुझा गुडघा काय म्हणतो? खोकला गेला का? इकडे आम्ही ठीक, म्हणजे यांचं पोट धरूनसुद्धा ठीक, आणि ते कसं झालं हेच सांगायला बसले आहे. चहा घेऊन बस. मला थोडक्यात सांगता येत नाही हे तुला माझ्या जन्मापासून ठाऊक आहे.

यांचं पोट म्हणजे आमच्या घरातला तिसरा माणूस. त्याला विचारल्याशिवाय आम्ही उंबरा ओलांडत नाही. त्यात हे पडले बसचे ड्रायव्हर. मागे गाडीभर माणसं आणि पोटात कळ आली, तर माणसाने करावं काय? (कुठल्या थांब्याजवळ स्वच्छ संडास आहे, हे यांना झोपेतून उठवून विचार.) शेवटी डॉक्टरांनी तपासून आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. त्या म्हणाल्या, काही आठवडे ‘लो फॉडमॅप’ खायचं. मॅप म्हटल्यावर हे खूश. यांना वाटलं, नवा रस्ता दाखवताहेत. निघालं पथ्य! कांदा नको, लसूण नको, गहू नको, साधं दूध नको, सफरचंद नको, कडधान्यांचं तर नावच नको. भात, बटाटा, गाजर, अंडी, कोंबडी, संत्रं चालेल. नंतर एकेक वस्तू परत खाऊन बघायची आणि छळणारी कोणती ते शोधायचं.

तेवढ्यात आलं डेपोतलं नाताळचं जेवण. ड्रायव्हरांच्या विश्रांतीच्या खोलीत टेबलं जोडतात आणि प्रत्येक घरून एकेक पदार्थ येतो. दर वर्षी हे ताट घेतात, चमच्याने इकडचं तिकडे करतात आणि म्हणतात, घरून जेवून आलो. नाताळच्या जेवणाला घरून जेवून येणारा माणूस कधी पाहिलास? पण पोटाचं रडगाणं चारचौघांत गायची यांना लाज, आणि मला ते भरलेलं ताट बघवत नसे. म्हणून यंदा ठरवलं, यांना सोसेल तेच करायचं, पण असं की सगळे बोटं चाटतील आणि कोणाला पथ्याचा संशयही येणार नाही.

बाईंनी एक युक्ती सांगितली होती. लसणाच्या पाकळ्या तेलात परतायच्या आणि वेचून टाकून द्यायच्या. चव तेलात राहते, त्रास पाकळ्यांबरोबर जातो. (नातेवाइकांच्या बाबतीत असं काही निघालं तर कळव. तुला सोडून.) त्या तेलात अख्खी कोंबडी भाजली, भोवती बटाटे-गाजरं. तांदळाच्या पिठाचा, संत्र्याचा केक केला. पहिला असा झाला की सुरी वाकली. हे म्हणाले, उतारावर चाकामागे ठेवायला नेतो. दुसरा मात्र फुगला आणि त्याच्याबरोबर मीही.

डेपोत सगळं छान मांडलं. आणि आमचे डेपो मॅनेजर, देवमाणूस, प्रेमाने बायकोच्या हातचा कांद्याचा रस्सा घेऊन आले आणि माझ्या कोंबडीवर ओतायला डाव उचलला! ताई, मी काय केलं ते मलाच कळलं नाही. “थांबा! यांना कांदा सोसत नाही!” म्हणून अशी ओरडले की कोपऱ्यातला मेकॅनिक सवयीने ब्रेक दाबायला पाय पुढे करून बसला. यांचे कान लाल. मला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

मॅनेजरांनी डाव खाली ठेवला. हळूच म्हणाले, “मलाही नाही सोसत. हिला सांगू नका.”

‘ही’ मागेच उभी होती.

“मग इतकी वर्षं वाटी पुसून का खाता?”

“तू केलेला असतो म्हणून.”

त्या बाईने नवऱ्याचं ताट ओढून घेतलं, आमच्या कोंबडीची तंगडी त्यात वाढली आणि पदराला... छे, रुमालाला डोळे पुसले. मग काय, मेकॅनिकला दूध बाधतं, कंडक्टरबाईंना पाव. ज्याचं त्याचं पोट बोलायला लागलं. आणि हे? हे जेवले, ताई. सगळ्यांच्या मधल्या खुर्चीत बसून जेवले. दुसऱ्यांदा बटाटे मागितले तेव्हा मी उगाच खिडकीबाहेर बघत राहिले.

असो. चहा गार झाला असेल. जपून राहा.

तुझी,
धाकटी

ता. क. केक शिल्लक आहे असं लिहिणार होते. लिहिताना संपला.

ता. क. २ : खरं म्हणजे पत्र यासाठी. भावजी गेल्यापासून तू ओट्यापाशी उभ्यानेच चार घास गिळतेस, असं तुझ्या लेकीने सांगितलं. तिच्यावर चिडू नकोस. हे म्हणाले, ताईंना सरळ घेऊनच येऊ. रविवारी येतोय. मागची खोली रिकामी केली आहे आणि पलंग भिंतीला लावला आहे. लहानपणी भिंतीकडची जागा मला कधी दिली नाहीस. आता भांडत नाही, तूच घे.