आईच्या खोलीला तीन लिटर

३ मार्च, मंगळवार
रविवारी आई येतेय. कायमची! बारा वर्षं दादाकडे काढली, आता मी हट्टाने मागून घेतली. तिची अट एकच, पलंग खिडकीपाशी हवा. खोली मी स्वतः रंगवणार.
रंगारी आला होता. दारात उभा राहून म्हणाला, आठ लिटर. टेपसुद्धा न लावता! वाटेला लावला.

४ मार्च
शास्त्रशुद्ध मोजलं. भिंती ४४०. दार-खिडकी वजा. कपाटामागचं वजा, तिथे कोण डोकावतंय? पलंगामागचं, आरशामागचंही वजा. उरले ३३० चौरस फूट. डब्यावर लिहिलंय, लिटरला ११०. बरोब्बर तीन. ही म्हणाली, थोडा जास्तच आणा. हिशेबात 'थोडा' नसतो.

६ मार्च
पहिला हात झाला. खालचा हिरवा ढळढळीत दिसतोय. डब्यावर मुंगीएवढ्या अक्षरात 'एका हातासाठी'. शुद्ध फसवणूक. आणखी तीन आणले.

७ मार्च
दुसरा हात. खोली झकास! पलंगाला जागा करायला खिडकीजवळचं कपाट सरकवलं. मागे कपाटाएवढा हिरवा चौकोन. डबा रिकामा. हिने रिकाम्या डब्याचं झाकण नीट बसवून ठेवलं. त्याचाच जास्त राग आला.

८ मार्च, सकाळी ९
एक लिटर आणला. कपाट आधी हॉलमध्ये काढतो, म्हणजे हात मोकळा चालेल. दार मोजायची गरज नाही. आत आलं, तसं बाहेर जाईल.

सकाळी ११
कपाट दारात अडकलं. मी आत. खिडकीला गज. घाबरण्यासारखं काही नाही.

दुपारी २
सुतार उद्या येणार म्हणे. हिने कपाटावरून चहा दिला. निम्मा नव्या रंगावर सांडला.

दुपारी ४
आई आली. दादा-वहिनी सोडायला आलेत. फटीतून आईचा एकच डोळा दिसला. जेवलास का, म्हणाली. मी म्हटलं, खोली झालीच आहे. दादाने ढकललं, मी ओढलं. कपाट आणखी घट्ट बसलं.

संध्याकाळी ५.३०
आई दादाबरोबर परत गेली. मी फटीतून सांगितलं, दोन दिवसांत ये. हो म्हणाली. मला रडू आलं, ते तिला ऐकू गेलं असणार.
जाताना वहिनी हिला सांगत होती, तिकडे आईंची गादी दादाने मुद्दामच उचललेली नाही.