एकाच वर्षी बसवलेल्या दोन तारा

१० नोव्हेंबर, बालाघाट
लांजीला जाऊन आलो, सुमनकडे. बहीण धाकटी, बोलणं थोरलीचं. पदर उजव्या खांद्यावर! आपल्या घरात पदर डावाच. आईचा, आजीचा. म्हटलं, "काय वं, हिंदीवाली झालीस काय?" म्हणाली, "जमाना बदलला, दादा. तू आधी शर्टाचं बटन लाव."
(माझं वरचं बटन उघडं असतं, मुद्दाम. पेसमेकरचे दोन व्रण आहेत, जुना डावीकडे, नवा उजवीकडे. लोक विचारतात, मी सांगतो. लाज कसली?)
परतताना गाडीत सारखं काहीतरी खटकत होतं.

१३ नोव्हें.
सापडलं! राईस मिलमध्ये पट्टा बदलत होतो. एका काठानं घासत होता, म्हणून चालवणाऱ्यानं दुसऱ्या बाजूला सरकवलेला. सुमनचा पदर आठवला. पाना खाली ठेवला, तिथूनच फोन. "सुमन, डावीकडे दुखते काय?" हळूच म्हणाली, "हौ."
तिच्याही पेसमेकरच्या डबीवरची कातडी लाल. ब्लाउजचा काठ घासून चिघळली, पाणी येतं. दसऱ्यापासून! वरून हळद लावत होती.
"मले काहून नाही सांगितलं?"
"तुले दाखवू काय? अन् डॉक्टरही बाप्याच."
मी बटन उघडून गावभर फिरतो, ही पदराआड झाकते.

१५ नोव्हें.
सुमनला धीर दिला. आमच्या घराण्यात ठोके मंद. आईचे होते, मग आम्हा दोघांचे. दोघांना एकाच वर्षी डबी बसली. कंपनी एक, हृदयात जाणारी तार एकाच नमुन्याची. माझी डबी चिघळली तेव्हा, गेल्या वर्षी, पू तारेवरून हृदयात उतरू नये म्हणून नागपूरच्या डॉ.नी जुनी तार ओढून काढली. सगळ्यांना सांगतो, चहा निवायच्या आत काम झालं. सुमनलाही तेच सांगितलं. नमुना एक, वर्ष एक, मग निकालही एक. दहावीपुढे शाळा नाही माझी, पण या विषयावर मिळेल ते डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचलंय.

२० नोव्हें., नागपूर
डॉ. तेच. सुमनला तपासलं आणि लगेच भरती, सलाईनमधून औषध सुरू. पण तार काढायला थांबा म्हणाले. छाती उघडणाऱ्या सर्जन मॅडम त्या वेळी खोलीत हव्यात, त्यांची तारीख जुळू द्या.
मी म्हटलं, "माझ्या वेळी सर्जन कुठे होते?"
"होते. खालच्या मजल्यावर. तुमच्या बहिणीसाठी मला सर्जन टेबलाजवळ पाहिजेत."
"तार तर एकच आहे, साहेब!"
"तार एकच. शीर एक नाही. बायांच्या शिरा बारीक, भिंत पातळ. जुनी तार भिंतीला धरून बसते. सोडवताना फाटायची भीती बायांत पुरुषांपेक्षा जास्त. निघायला दोघांचीही निघते बहुतेक. वाटेतला धोका वेगळा."
माझ्याशी बोलले, पण पाहत होते सुमनकडे.

२१ नोव्हें.
डोकं तापलेलं. उगाच घाबरवतात. रायपूरला एका ठिकाणी फोन लावला. तिकडचा म्हणाला, "परसों ले आइए, छोटा सा काम है." हे ऐकायचं होतं मला! सुमनला म्हटलं, चल, ऊठ. पू वाढायची वाट पाहायची काय?
उठली नाही. "दादा, तुझी तार तुझ्या छातीतून निघाली. त्यावरून माझ्या छातीचा अंदाज नको करू. हे डॉक्टर मले पाहून घाबरले. म्हणजे मले पाहिलं तरी. रायपूरवाल्यानं कुठं पाहिलं मले?"
जवाईबुवा खिडकीपाशी होते. त्यांच्या तोंडून महिन्यात दोन वाक्यं निघतात. म्हणाले, "ती म्हणते तसं."
थांबलो.

२२ नोव्हें.
डिक्शनरी घेऊन वाचलेले ते जुने कागद पुन्हा वाचले. बायांचं वेगळं लिहिलेलं होतं त्यात. माझ्या कामाचं नाही म्हणून मी ते पान उलटलं होतं.

२७ नोव्हें.
निघाली! तार निघाली!
आता नीट लिहितो. सुमन टेबलावर गेली, आम्ही दोघं बाहेर बाकावर. जवाईबुवा चप्पल काढून बसले, देवळात बसल्यासारखे. मधे आतून धावपळ ऐकू आली. मी उठायला गेलो. जवाईबुवांनी माझा हात धरला. आजवर धरला नव्हता.
डॉ. बाहेर आले ते घामानं भिजलेले. तार शिरेतून सुटली, पण टोक हृदयाच्या भिंतीत रुतलेलं. तिथून रक्त झिरपलं, हृदयाभोवती साचलं, बीपी घसरलं. सर्जन मॅडम शेजारीच. सुई घालून तिथल्या तिथे रक्त काढलं. छाती उघडावी लागली नाही. खालच्या मजल्यावरून यायच्या असत्या तर
नाही लिहीत.
तार ट्रेमध्ये पाहिली, मागून घेऊन. माझी स्वच्छ निघाली होती. हिच्यावर पांढरी साल चढलेली, टोकाशी तुटलेली. धानाच्या दाण्याएवढा तुकडा आत राहिला. डॉ. म्हणाले, त्याच्यासाठी आता पुन्हा हात घालायचा नाही.

२८ नोव्हें.
बोलली. पहिला शब्द: "बटन."
लावलं. हसताना रडूही आलं, जवाईबुवांनाच जास्त.

९ डिसेंबर
रक्ताचा रिपोर्ट स्वच्छ. इतके दिवस बाहेरची तात्पुरती डबी होती, आज नवी बसली, उजवीकडे. ठोके ठणठणीत. पूर्ण वॉर्डाला पेढे वाटले. सर्जन मॅडमना वाकून नमस्कार केला, त्या माझ्या मुलीच्या वयाच्या. "अरे अरे काका" म्हणत मागे सरकल्या.

१७ डिसें., लांजी
सुमन घरी. पदर डाव्या खांद्यावर, आईसारखा. दारात ओवाळलं तिला. गल्लीभर सांगून आलो: आमची सुमन जिंकली. माझ्यापेक्षा अवघड डाव होता तिचा, हेही सांगितलं. ते सांगायला जरा वेळ लागला.

१६ जानेवारी
सुमनकडे हळदीकुंकू. मी ओसरीवर, नजर प्रत्येक पदरावर. एकीचा उजवा! सुमनला खुणेनं बोलावलं, कानात सांगितलं. ती पोट धरून हसली. "दादा, मिश्राइन आहे ती! तिचा पदर जन्मापासून उजवा."
वाण दिल्यावर आतल्या खोलीत सुमननं बायांना आपला व्रण दाखवला. काय झालं, कसं लपवलं, सगळं बोलली. मला बाहेर काढलं होतं, पण भिंत पातळ आहे.

२ फेब्रुवारी, नागपूर
तपासणी. सुमनची जखम कोरडी, रक्त अजून स्वच्छ. तुकडा फोटोत दिसतो, आहे तिथंच. डॉ. म्हणाले, लक्ष ठेवू.

५ फेब्रु.
सुमनचा फोन. हळदीकुंकवाला आलेल्या एकीनं काल मागच्या दारानं येऊन तिला आपला चिघळलेला खांदा दाखवला. घरी कोणाला सांगितलेलं नाही. तीही डबीवाली. पदर मात्र डावाच होता, म्हणून मला दिसली नाही.
"सोमवारी नागपूरले नेऊ तिले. दादा, तू गाडी आण. अन् डॉक्टरपाशी तू बोलू नको, तीच बोलेल."
"अन् मी?"
"तू बाहेर बस, तुझ्या जवाईबुवासारखा."
सोमवारी पहाटे निघायचं. गाडीचं ऑईल बदलून ठेवलं.