बोंबलाचं कालवण आणि उज्वलाचं औषध

चि. हर्षला हिस,

मोहोपाड्याहून तुझ्या दामूकाकाचा मनापासून जयभीम. पुण्यात तू सुखरूप असशील, वेळेवर जेवत असशील (नसशील, मला ठाऊक आहे) आणि तुमच्या प्रयोगशाळेतला एसी अजून तितकाच गार असेल. इकडे माझी तब्येत ठीक. उज्वलाकाकूचं तुला माहीतच आहे. छातीतली गाठ काढली, केमो झाली, तरी त्या मेल्या आजाराने पुन्हा डोकं वर काढलं, म्हणून डॉक्टरांनी नवं औषध सांगितलंय. नेमकं तू जे बनवतेस त्याच जातीचं. आणि घरचीच पोरगी औषध बनवत असून ते घ्यायचं की नाही यावर आमच्या घरात एकमत नाही! फोनवर तू समजावतेस तेव्हा मला सगळं कळतं. फोन ठेवला की काहीच कळलेलं नसतं. म्हणून हे पत्र.

तुझं सांगणं मी माझ्यापुरतं असं धरून ठेवलंय. कॅन्सरच्या पेशीवर एक खूण असते. अँटिबॉडी म्हणजे ती खूण ओळखून बरोबर दारात जाऊन उभा राहणारा माणूस. त्याच्या हातात विषाचा डबा. आणि माणूस नि डबा यांच्यामध्ये एक जोडणी, जी रस्त्यात सुटता कामा नये, पण घरात शिरल्यावर सुटलीच पाहिजे. इथे माझं डोकं गरगरायला लागतं. मी रसायनीच्या कारखान्यात जन्मभर फिटरकी केली. जॉइंट एक तर गळतो, नाहीतर गळत नाही. ठरलेल्या जागी पोचल्यावर आपणहून गळणारा जॉइंट मी केला असता, तर साहेबांनी मला गेटाबाहेर उभं केलं असतं, आणि तुमच्याकडे म्हणे त्यालाच शाबासकी! (राग मानू नकोस. मला खरंच कळत नाही.)

काकू तर पार घाबरली. म्हणाली, "विष हाय ना ते? आन् सरळ रगतात सोडनार?" मी म्हटलं, थांब, तुला करूनच दाखवतो. आमची पौर्णिमा लग्नानंतर शेलूला नव्या कॉम्प्लेक्समध्ये राहते, हे तुला माहीत आहे. चौक गावचा कपिल टेंपो घेऊन तिकडे रोज जातो. ठरवलं असं, की काकूने केलेलं बोंबलाचं कालवण डब्यात भरून त्याच्याकडे द्यायचं, पण पौर्णिमाचं नाव किंवा फ्लॅटचा नंबर सांगायचा नाही. फक्त बिल्डिंग आणि खूण, दारावर निळं तोरण. कपिल झाला अँटिबॉडी. (त्याला हे सांगितलं तेव्हा त्याने आधी डिझेलचं काय ते विचारलं.)

पहिल्या दिवशी झाकणाला मी टेफ्लॉन टेप गुंडाळली आणि वरून क्लँप आवळला. कपिल बिनचूक पौर्णिमाच्या दारात पोचला. रस्त्यात थेंब सांडला नाही. मी काकूला म्हटलं, बघ! तेवढ्यात लेकीचा फोन. झाकण उघडेना. जावयाने, प्रवीणने, स्क्रूड्रायव्हर घातला, मग हातोडी आणली, मग दोघांनी अंड्याची पोळी करून जेवण उरकलं. डबा चेपून परत आला, आत कालवण जसंच्या तसं. म्हणजे औषध पेशीत गेलं आणि नुसतं बसून राहिलं. तुमच्याकडे असं होतं का गं? होत असेल तर आम्हाला आधी सांगायला हवं होतंस.

म्हणून दुसऱ्या खेपेला झाकण नुसतं सुतळीने बांधलं. चौक फाट्याच्या स्पीडब्रेकरवर ते सुटलं. टेंपोत कर्जतच्या एका साखरपुड्याच्या मंडपाचे पांढरे पडदे होते. पुढचं लिहीत नाही. उरलेला रस्सा घेऊन कपिल शेलूला पोचला, तर मधल्या दिवसांत एक तोरणवाली बाई तिथे येऊन गेली होती आणि अख्ख्या मजल्यावर निळी तोरणं! त्याला मागच्या खेपेचं दार ओळखू येईना, त्याने डबा दिला शेजारच्या आनंदीबाईंना, ज्यांनी मासळी सोडलीय. त्यांनी झाकण काढलं आणि मजलाभर खिडक्या उघडल्या गेल्या. तू म्हणाली होतीस, शेजारच्या पेशींनाही थोडी झळ लागते आणि कधी कधी ती हवीच असते. आनंदीबाईंना ती नको होती. (त्यांच्या यजमानांनी मात्र डबा पावाने पुसून चकचकीत केला, असं कळतं.)

आता काकू म्हणते, "तुमचं कालवन शेलूला धड जात नाय, न् मी सुई टोचून घिऊ?" शिवाय डॉक्टर म्हणाले, हृदयाची आणि फुप्फुसाची तपासणी करत राहू. म्हणजे तोरण तिथेही लावलेलं आहे की काय? तेव्हा तू तिला फोन कर आणि तिची भीती घालव. तुझं ती ऐकते.

तुझा,
दामूकाका

ता. क. काकूला फोन करू नकोस. पहिला डोस गेल्या आठवड्यातच झाला. तिने न विचारता सही केली, दिवसभर सलाईन लावून पडून राहिली, घरी येऊन वरणभात जेवली आणि सिरियल बघितली. वर लिहिलेली तिची बोलणी खरी आहेत, पण ती हसत हसत बोलली होती. घाबरलोय मी. डोळा लागत नाही. ती झोपली की तिचा श्वास ऐकत बसतो.

आणखी ता. क. पुढच्या डोसला तू येशील का? औषधाचं काही विचारणार नाही. बाहेरच्या बाकड्यावर माझ्याशेजारी बस, एवढंच.

हर्षला, मी काकू. पत्र टाकायला माझ्याकडेच दिलं, म्हणून वाचलं. तू नक्की ये. भीती मलाही वाटते गं, खूप वाटते. पण मी रडले तर यांचं कसं होणार, म्हणून हसते. बाहेर यांच्यापाशी बस, पण आधी थोडा वेळ आत माझ्याकडे ये. तुझ्यासमोर एकदा रडून घेईन म्हणते. यांना सांगू नको.